घेरी, कान आणि गाठीचा पैसा

(संस्थेच्या पालक मेळाव्यात एका सहशिक्षकाने, बी.ए., बी.एड., केलेल्या भाषणाचा मजकूर)



पालक मेळाव्यात शिक्षकाने अभ्यास, शिस्त आणि परीक्षा यांविषयी बोलावे अशी अपेक्षा असते. मी आज कानाविषयी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, मराठी आणि इतिहास शिकविणारा मास्तर आहे. परंतु कानाच्या दोन प्रकरणांत मी स्वतः चुकलो. एकात घरचा पैसा गेला आणि दुसऱ्यात एका मुलाचे वर्ष जवळजवळ गेले. त्यानंतर जे वाचले, जाणत्या डॉक्टरांना विचारले, ते आपल्यापुढे ठेवावे म्हणून उभा आहे.

पहिली गोष्ट माझ्या घरची. सहा वर्षांपूर्वी एका पहाटे फजरच्या नमाजासाठी उठताना आईला घेरी आली. कूस बदलली की घर फिरे, सजद्यात गेली की फिरे, शिंक्याकडे मान वर केली की फिरे. "अरे, जमीनच पायाखालून निघून जाते रे," असे ती म्हणायची. आम्ही घाबरलो. कुणी म्हणाले रक्तदाब, कुणी म्हणाले मानेचे मणके, कुणी म्हणाले मेंदूत गाठ असेल. कुवेतहून मोठ्या भावाचा फोन आला, "पैशाकडे बघू नका, सगळ्या टेस्ट करून घ्या." आम्ही पैशाकडे बघितले नाही. मानेचा फोटो झाला, गळ्यात पट्टा आला. रक्ताच्या तपासण्यांचे एक मोठे पॅकेज झाले. मग शहरात नेऊन मेंदूचा स्कॅन झाला. शेवटी चकरेच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्या तीन महिने चालू राहिल्या. त्या गोळ्यांनी आई दिवसभर पेंगू लागली, तिच्या हाताला कंप सुटला, आणि घेरी होती तिथेच राहिली.

धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेली रक्कम यात संपली. तिचे एक वर्ष वाया गेले. त्या वेळी ती काही बोलली नाही. पण जूनमध्ये तिच्या मैत्रिणी एस.टी.ने कॉलेजला निघाल्या, तेव्हा ती खिडकीतून आत सरकली. ते मी पाहिले आहे.

पुढे एका सरकारी रुग्णालयात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आईला दोनच प्रश्न विचारले. "घेरी किती वेळ टिकते?" आणि "काय केले म्हणजे येते?" आई म्हणाली, "मिनिटभरसुद्धा नाही. मान हलवली की येते." बाईंनी तिला पलंगावर बसविले, मान एका बाजूला वळविली, झटकन आडवे केले आणि तिच्या डोळ्यांकडे पाहत राहिल्या. डोळे भिरभिरले आणि थोड्या वेळाने थांबले. मग डोके सावकाश एकीकडून दुसरीकडे वळवीत तिला कुशीवर नेले आणि उठवून बसविले. सारे मिळून दहा मिनिटे लागली. केसपेपरचे दहा रुपये. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा तेच केले आणि तिसऱ्या दिवशी आईने नेहमीप्रमाणे सजदा केला.

ही जादू नव्हती. आपल्या कानाच्या आत, ऐकण्याच्या शंखाशेजारी, तोल सांभाळण्याचे एक यंत्र असते. तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि त्यांत पाणी. गवंडी लेव्हलपट्टीतला बुडबुडा बघून भिंत सरळ आहे की नाही ते ठरवतो, तसे आपले डोके कुठे वळले ते मेंदू या पाण्याच्या हालचालीवरून ओळखतो. नळ्यांशेजारच्या पिशवीत चुन्याचे अगदी बारीक कण असतात. आपल्या खाडीतल्या कालवांचे आणि तिसऱ्यांचे शिंपले ज्या पदार्थाचे, त्याच कॅल्शियम कार्बोनेटचे हे कण. वयाप्रमाणे, कधी डोक्याला मार लागून, तर कधी कारण नसतानाही, ते सुटून नळीत शिरतात. मग मान वळली की कण घरंगळतात, पाणी ढवळते आणि मेंदूला वाटते की आपण फिरतो आहोत. हा आजार पन्नाशीनंतर अधिक, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. तो जिवाला धोकादायक नसतो. मात्र म्हातारे माणूस घेरीत पडले आणि खुब्याचे हाड मोडले तर तो मोठा धोका आहे. म्हणून उपचार लवकर हवा, आणि तो नेमका हवा.

या आजाराची ओळख पटविण्याची पलंगावरची रीत लंडनच्या डॉ. मार्गारेट डिक्स आणि डॉ. चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ साली लिहून ठेवली. कण पुन्हा जागेवर नेण्याची रीत अमेरिकेतील पोर्टलंडचे डॉ. जॉन एप्ली यांनी १९८० मध्ये मांडली. नुसती मान फिरवून आजार बरा होतो यावर त्यांच्याच व्यवसायबंधूंचा विश्वास बसेना. त्यांचा प्रसिद्ध लेख छापून यायला १९९२ साल उजाडले. आज जगभर हीच पद्धत मान्य आहे. एक-दोन वेळा केल्यावर दहांपैकी सुमारे आठ जणांना आराम पडतो. आजार पुन्हा उलटू शकतो, तेव्हा तीच क्रिया पुन्हा करता येते. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली आणि पुन्हा २०१७ साली मार्गदर्शिका काढून स्पष्ट सांगितले की, पलंगावरच्या तपासणीत हा आजार ठरला आणि दुसरे कोणतेही गंभीर लक्षण नसले, तर डोक्याचा स्कॅन नको, तोल मोजण्याच्या यंत्रांवरच्या तपासण्या नकोत आणि चकरेच्या गोळ्या सरसकट देऊ नयेत. कण नळीत असताना गोळी काय करणार? ती मेंदूला गुंगी आणते, कण हलवीत नाही.

आता कुणी विचारील, "मास्तर, स्कॅन केला तर बिघडले काय? निदान मनाची खात्री तरी होते." बिघडते ते असे. साठीच्या माणसाच्या मानेचा फोटो काढला तर झिजेच्या खुणा बहुधा दिसणारच, जशा डोक्यावर पांढरे केस दिसतात. घेरी कानातून येत असते, दोष मानेवर जातो आणि गळ्यात पट्टा पडतो. दुसरे असे की, मेंदूच्या मागच्या भागात खरोखर रक्तपुरवठा अडला असला, तर साध्या सी.टी. स्कॅनमध्ये तो सुरुवातीला पुष्कळदा दिसत नाही. म्हणजे गरज नसलेल्याचा खर्च होतो आणि गरज असलेल्याला खोटा दिलासा मिळतो. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, सतत गरगरणाऱ्या रोग्याच्या डोळ्यांच्या हालचाली जाणत्या डॉक्टराने नीट पाहिल्या, तर अर्धांगाचा झटका ओळखण्यात ती नजर सुरुवातीच्या एम.आर.आय.हूनही सरस ठरते. यंत्र मोठे असले म्हणून ते डॉक्टरांच्या डोळ्यांची जागा घेऊ शकत नाही.

आपल्या भाषेत किती शब्द आहेत पाहा. घेरी, भोवळ, चक्कर, अंधारी, तोल जाणे. दवाखान्यात मात्र आपण सगळ्याला "चक्कर येते" एवढेच म्हणतो. उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर आडवे असताना आणि उभे राहिल्यावर रक्तदाब मोजावा, रक्तातले लोह आणि साखर बघावी, आणि रक्तदाबाची गोळी जास्त होते काय ते डॉक्टरांना विचारावे. मान वळविताना सेकंदांपुरती घेरी येत असेल तर ती बहुधा वर सांगितलेल्या कणांची. वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत गरगरणे, सोबत एका कानात आवाज आणि कमी ऐकू येणे, हे वारंवार होत असेल तर पॅरिसच्या डॉ. मेनिएर यांनी १८६१ साली सांगितलेला आजार असू शकतो, आणि तेथे ऐकण्याची तपासणी हवीच. दिवसचे दिवस सतत गरगरत असेल तर तोलाच्या शिरेला सूज असू शकते. तिथे पहिले दोन-तीन दिवस गोळी उपयोगी असते, पण नंतर ती चालू ठेवली तर मेंदू नवा तोल शिकायला उशीर करतो. म्हणून डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी मुलांनी आपल्या आजी-आजोबांसाठी एका वहीत चार गोष्टी लिहाव्यात. घेरी कधी आली, काय करताना आली, किती वेळ टिकली आणि कानात काही फरक झाला काय. हे काम सातवीतले मूलही करू शकते, आणि त्याने अनेक तपासण्या वाचतात.

गोळ्यांविषयी थोडे. चकरेच्या ज्या गोळ्या आपल्याकडे वर्षानुवर्षे चालू असतात, त्यांतील काहींनी म्हाताऱ्या माणसांच्या हाताला कंप आणि चालण्यात ताठरपणा येतो. मग त्या कंपासाठी दुसरी गोळी सुरू होते. मेनिएरच्या आजारावर सर्रास दिल्या जाणाऱ्या बीटाहिस्टीन या औषधाची जर्मनीत २२१ रोग्यांवर काळजीपूर्वक परीक्षा झाली. २०१६ साली निकाल आला. खोट्या गोळीपेक्षा ते सरस ठरले नाही. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. पण "ही किती दिवस घ्यायची?" हे पहिल्याच दिवशी विचारा.

इंजेक्शनचेही तेच. स्ट्रेप्टोमायसीन आणि जेंटामायसीन ही जीव वाचविणारी औषधे आहेत, पण तीच कानातल्या ऐकण्याच्या आणि तोलाच्या पेशी कायमच्या मारू शकतात. जिथे ती हवीत तिथे ती घ्यावीच लागतात. परंतु साध्या तापासाठी "डॉक्टर, सुई द्या, त्याशिवाय बरे वाटत नाही" असा हट्ट आपणच धरतो. सगळा दोष डॉक्टरांवर टाकून चालणार नाही. सुई, सलाईन आणि फोटो मागणारे रोगी आपणच असतो.

आता दुसरी गोष्ट, आणि ही सांगताना मला लाज वाटते. माझ्या वर्गात एक मुलगा शेवटच्या बाकावर बसे. हाक मारली तर बघायचा नाही, प्रश्न एक आणि उत्तर दुसरे. मी त्याला चारचौघांत "बेफिकीर" म्हटले. एक दिवस जवळ गेलो तेव्हा कानातून वास आला. कान दोन वर्षे वाहत होता. घरचे हयगय करीत नव्हते. औषधाच्या दुकानातून दरवेळी ताकदीची म्हणून प्रतिजैविकाची बाटली आणीत होते, लसूण घालून गरम केलेले खोबरेल तेलही कानात सोडीत होते. खर्च होत होता, उपचार मात्र होत नव्हता. ज्याची खरोखर गरज होती ती साधी गोष्ट, म्हणजे कानात प्रकाश टाकून पडदा पाहणे आणि ऐकू किती येते ते मोजणे, कुणीच केली नव्हती. मीही बाक बदलला नव्हता. पडद्याला भोक होते. कान कोरडा ठेवणे, स्वच्छ कापसाची वात करून पू टिपणे, डॉक्टरांनी सांगितलेले थेंब घालणे, आंघोळीला तेल लावलेला कापसाचा बोळा ठेवणे आणि पऱ्ह्यात डुंबणे बंद करणे, एवढ्यावर कान सुकला. पुढे पडद्याची शस्त्रक्रिया झाली. आज तो पहिल्या बाकावर बसतो आणि मला चुका दाखवतो.

म्हणून माझे म्हणणे नीट लक्षात घ्यावे. नको असलेली तपासणी टाळा, याचा अर्थ तपासणीच टाळा असा होत नाही. काही वेळा तास महत्त्वाचे असतात. घेरीबरोबर बोलणे अडखळले, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, तोंड किंवा हातपाय एका बाजूला लुळे वा बधिर झाले, आधाराशिवाय उभे राहता येईना, किंवा कधी नव्हे असे डोके भयंकर दुखू लागले, तर वही काढीत बसू नका, गाडी काढा. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर "मळ असेल" म्हणून थांबू नका. दोन-चार दिवसांत ऐकण्याची तपासणी होऊन औषध सुरू झाले तर पुष्कळांचा कान वाचतो, महिन्यानंतर तो हाती लागत नाही. वाहणाऱ्या कानाबरोबर कानामागे सूज आली, तोंड वाकडे झाले किंवा ताप येऊन डोके दुखू लागले, तरीही तसेच. आणि सर्दीनंतर मुलाच्या पडद्यामागे पाणी साचले असेल, तर डॉक्टर "तीन महिने वाट पाहू" म्हणाले म्हणून त्यांना अडाणी ठरवू नका. बहुतेक मुलांचे ते पाणी आपोआप जाते. त्यासाठी प्रतिजैविके आणि सर्दीची औषधे उपयोगी पडत नाहीत. त्या काळात मुलाला पुढे बसविणे हे आम्हा शिक्षकांचे काम.

घरगुती गोष्टी सांगतो. कानातला मळ हा शत्रू नाही, तो कानाच्या कातडीचे रक्षण करतो आणि आपोआप बाहेर येतो. काडी, पिन, कापूस लावलेल्या काड्या, कानकोरणे आणि मुंबईच्या फुटपाथवरचे कान साफ करणारे, या सर्वांना रजा द्या. आपल्या कोकणातील दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात, तेल घातलेल्या कानात बुरशी फार लवकर धरते. अशा कानात जंतूंचे औषध घातले तर बुरशी आणखी माजते. कपाटात उरलेली थेंबांची जुनी बाटली वापरू नका. पडद्याला भोक असताना काही थेंब आतल्या कानाला इजा करतात. आणि थेंब घालण्यापूर्वी बाटली मुठीत धरून कोमट करा. याचेही कारण आहे. व्हिएन्नाचे डॉ. रॉबर्ट बारानी रोग्यांचे कान पाण्याने धूत असत. थंड पाणी घातले की रोग्यांना घेरी येई आणि डोळे एका दिशेने भिरभिरत, गरम पाणी घातले की उलट दिशेने. या साध्या निरीक्षणातून कानाच्या तोलाचे शास्त्र उभे राहिले. त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. विद्यार्थी मित्रहो, रोग्याची तक्रार कानावेगळी न करणारा डॉक्टर कुठवर पोहोचतो ते पाहा.

अनावश्यक तपासण्यांचा प्रश्न आपल्या एका गावाचा नाही. २०१२ साली अमेरिकेत डॉक्टरांच्याच संस्थांनी "शहाणपणाने निवडा" अशा अर्थाची मोहीम काढली आणि प्रत्येक शाखेने आपल्याच नको त्या गोष्टींची यादी केली. कानाचे तज्ज्ञ त्यात म्हणाले की अचानक बहिरेपणात डोक्याचा सी.टी. स्कॅन सरसकट नको, आणि बाहेरच्या कानाच्या साध्या सुजेला पोटात घेण्याची प्रतिजैविके नकोत. आपल्या देशात कर्करोगाच्या उपचारांबाबत अशी दहा गोष्टींची यादी २०१९ साली प्रसिद्ध झाली. पुण्याचे डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून २०१६ साली "डिसेंटिंग डायग्नोसिस" हे पुस्तक लिहिले. त्यात प्रामाणिक डॉक्टरांनीच आपल्या व्यवसायातल्या नको त्या तपासण्यांची आणि कटाची कबुली दिली. म्हणजे चांगले डॉक्टर आपल्या बाजूचे आहेत. आपण त्यांना विचारले पाहिजे.

काय विचारावे? अदबीने, पण न घाबरता पाच प्रश्न. आपल्याला कोणता आजार वाटतो? या तपासणीने उपचारात काय फरक पडेल? काही दिवस थांबलो तर धोका आहे काय? याहून साधा मार्ग आहे काय? हे औषध केव्हा बंद करायचे? महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०२१ मध्ये खाजगी रुग्णालयांच्या नियमांत दुरुस्ती करून रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक केले. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे आणि आपले कागद मागणे हा आपला हक्क आहे, उपकार नव्हे. कागद फाईलमध्ये जपून ठेवा, म्हणजे तळेरेला झालेली तपासणी कोल्हापूरला पुन्हा होणार नाही.

आणि सरकारी सोयीकडे पाठ फिरवू नका. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथक शाळेत येते आणि मुलांना तपासते. त्या दिवशी काही पालक मुलाला घरी ठेवतात, तसे करू नका. लहानपणीचा बहिरेपणा असेल तर वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. हे अली यावर जंग आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते. ऐकण्याची तपासणी, बोलण्याचे शिक्षण आणि श्रवणयंत्र यांसाठी तिथे चौकशी करा. गल्लीत मिळणारे यंत्र तपासणीशिवाय विकत घेऊ नका.

शेवटी एवढेच. माझ्या बहिणीला पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला, ती शिकली, आज नोकरी करते. आईही ठणठणीत आहे. पण गेलेले वर्ष परत आले नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात एकच डबा असतो, त्यातूनच फी जाते आणि त्यातूनच दवाखाना जातो. आजार खरा असेल तर तो डबा रिकामा करा, कर्ज काढा, आपला समाज पाठीशी उभा राहील. पण न विचारता तो रिकामा करू नका, कारण त्यात तुमच्या मुलीचे पुस्तक आहे.

अल्लाह आपणा सर्वांना आरोग्य देवो.  खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.